पान एकसष्टवरचं भाषण

प्रिय इरा आणि नील,

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला विषय दिला, 'ब्रिटनमधील माझी नाट्यलेखनाची वाटचाल'. वाटचाल क्रमाने लिहायची तर आठ नाटकं रंगमंचावर आली, पाच कपाटात राहिली, एक रेडिओवर झालं, एवढीच यादी होईल. ती वाचून कुणाला काही मिळायचं नाही. म्हणून मी तुम्हां दोघांना लिहिते आहे. मंडळाच्या वाचकांनी ते तुमच्या खांद्यावरून वाचावं. छापायला देण्याआधी हा मजकूर तुमच्या आईने वाचला आहे. तिच्याविषयीचं माझं लेखन तिने आधी वाचायचं, असं आजवर एकदाही घडलं नव्हतं. घडायला हवं होतं.

गेल्या महिन्यात एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर इराने कपाटातून काढलेलं एक पातळ पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. माझंच नाटक, पंधरा वर्षांपूर्वीचं.

"आजी, पान एकसष्टवर ही मुलगी स्टेशनांची नावं का म्हणत बसते? आणि ही आई आहे ना? आपली आई?"

पुण्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात मागे नळ चालू होता, तो मुक्ताने, तुमच्या आईने, बंद केला. मी म्हटलं, "नंतर सांगते हं," आणि नीलच्या स्विमिंगविषयी विचारलं. इरा, तू तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मला समजली.

मंगळवारी ग्लासगोहून ईमेल आली. कॅलम नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाला तेच नाटक नव्याने करायचं होतं. लेखिकेची परवानगी लागते, म्हणून लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "पान एकसष्टवरचं भाषण हेच नाटकाचं काळीज आहे. ते पहिल्या प्रयोगांत गाळलं होतं असं ऐकलं, मला कारण कळत नाही." उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत हवं होतं. हो म्हटलं तर तुमच्या आईची सर्वांत खाजगी दुपार रोज संध्याकाळी ग्लासगोत उभी राहणार, आणि नाही म्हटलं तर इराला कारण सांगावं लागणार. दोन्हीसाठी आधी मुक्ताशी बोलायला हवं होतं आणि या विषयावर आम्ही पंधरा वर्षं बोललो नव्हतो.

त्या दहा दिवसांत मी साउथहॅम्प्टनच्या या घरात मसाल्याच्या बाटल्यांची लेबलं बदलली, पडदे धुतले, उत्तराचे चार मसुदे केले आणि पुसले. फोन हातात घ्यायचा, पुण्यात किती वाजले असतील याचा विचार करायचा, आणि फोन खाली ठेवायचा. वेळ कधीच सोयीची नसे.

तर आधी माझं काम काय, ते सांगते. त्याशिवाय माझी चूक तुम्हाला कळायची नाही.

लोकांना वाटतं, नाटककार संवाद लिहितो. संवाद लिहिणं हा त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग ऐकण्याचा आणि त्याहून मोठा कापण्याचा. मी या देशात लग्न होऊन आले ती इंग्रजीची एम.ए. होऊन, आणि इथे पहिली काही वर्षं शाळेच्या ऑफिसात हजेरीपत्रकं सांभाळली. बसने जाता येता कानावर पडेल ते वहीत उतरवायची सवय तेव्हाची. तारीख, बसचा नंबर, कोण बोललं, काय बोललं. वहीच्या मागे सूची. 'भांडणं, सासू-सून', 'भांडणं, शेजारी', 'माफी'. माफीखाली नोंदी कमी आहेत.

तुमच्या आजोबांना या वह्यांची गंमत वाटे. ते बंदराच्या ऑफिसात कंटेनर कोणत्या जहाजावर, कोणत्या थरात ठेवायचा त्याचे आराखडे करायचे. जड खाली, हलका वर, आधी उतरायचा तो सर्वांत शेवटी चढवायचा. एकदा म्हणाले, "माझं चुकलं तर जहाज कलंडतं. तुझं चुकलं तर काय होतं?"

मी म्हटलं, "लोक खोकतात."

"बरं आहे तुमचं," ते म्हणाले.

पहिलं नाटक लंडनला एका पबच्या वरच्या खोलीत झालं. अशा खोल्या इथे पुष्कळ आहेत. चाळीस खुर्च्या, काळे पडदे आणि खाली बिअर. आमचा दुःखाचा प्रसंग आला की खाली फुटबॉलचा गोल व्हायचा. एका संध्याकाळी एक म्हातारा टॉयलेट शोधत वर आला, चुकून आत शिरला, अंधारात बसला आणि शेवटपर्यंत बसून राहिला. जाताना मला म्हणाला, "त्या मुलीने आईला फोन करायला हवा होता." मी लेखिका आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रांनी पुढे माझ्याविषयी बरंवाईट पुष्कळ लिहिलं, पण इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

पुढे मोठी थिएटरं बोलावू लागली. तिथे 'लिटररी मॅनेजर' नावाचा माणूस असतो, आलेली नाटकं वाचणारा. तीन वेगळ्या थिएटरांत तीन वेगळ्या माणसांनी मला एकच गोष्ट सुचवली: "आई हे सगळं स्वयंपाक करता करता बोलली तर?" माझ्या नाटकातली आई बंदरात क्रेनची वेळापत्रकं लावायची. तिला कांदा चिरायला सवड नव्हती. मी तीनही वेळा "विचार करते" म्हटलं आणि तीनही वेळा काही बदललं नाही. नम्रपणे काही न करणं हे मी या देशात शिकले.

तालमीला नाटककार बसतो खरा, पण नटांशी थेट बोलत नाही. असा इथला रिवाज आहे. सांगायचं ते दिग्दर्शकाच्या कानात सांगायचं, मग तो आपल्या शब्दांत नटाला सांगतो. मला हे सोपं गेलं. आमच्या घरी सासरे असेपर्यंत मी असंच बोलत होते.

पण एक हक्क नाटककाराचाच असतो. त्याच्या संमतीशिवाय एक शब्द बदलता येत नाही, घालता येत नाही, काढता येत नाही. मोठ्यातला मोठा दिग्दर्शकही विचारल्याशिवाय ओळ कापत नाही. याचा मला अभिमान होता. माझा शब्द माझा. दुसऱ्याचा शब्द कुणाचा, हा प्रश्न मला पडला नव्हता.

आता आजोबांच्या आजारपणाकडे येते. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी महिन्यांत बोलायला सुरुवात केली आणि लवकरच आठवड्यांवर आले. माझं एक वेगळं, आधीचं नाटक त्याच वेळी ग्लासगोत उभं राहत होतं. जाऊ की नको, असा माझा घोळ चालला होता. आजोबाच म्हणाले, "जा तू. इथे बसलीस तर माझ्या उशीचा अभ्रा सरळ करत बसशील. मुक्ता आहे ना." मुक्ता तेव्हा सव्वीस वर्षांची, लंडनला फिजिओथेरपिस्ट होती. रजा काढून आली होती.

मी गेले. नाटक 'प्रीव्ह्यू'मध्ये होतं. म्हणजे समीक्षक येण्याआधीचे आठ-दहा प्रयोग. प्रेक्षक असतात, तिकिटं असतात, पण नाटक अजून ओलं असतं. संध्याकाळी प्रयोग पाहायचा, सकाळी नवी पानं लिहायची, दुपारी नटांनी ती पाठ करायची, संध्याकाळी पुन्हा प्रयोग. या दिवसांत नाटककाराला दुसरं काही दिसत नाही. ही सबब नाही, माहिती आहे.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मुक्ताचा फोन आला.

"आई, निघ."

"निघते."

अकरा चाळीसची ट्रेन मिळण्यासारखी होती. पण दुसऱ्या अंकाचा शेवट बसत नव्हता, नट थांबले होते. मला वाटलं, एवढी दोन पानं देते आणि पुढची धरते. बाराला मुक्ताने पुन्हा फोन केला. तिला मागून तालमीचा आवाज ऐकू गेला असणार.

"तू अजून तिथेच आहेस?"

"अर्ध्या तासात निघते, बाळा."

मी निघाले ती दोन चाळीसच्या ट्रेनने. सव्वातीनला आजोबा गेले. मुक्ताचा फोन आला तेव्हा मी ग्लासगोजवळच्याच मदरवेलच्या थोडी पुढे होते, खिडकीशी, मांडीवर तीच दोन पानं. तिने "कुठे आहेस?" एवढंच विचारलं. मी स्टेशनचं नाव सांगितलं. मग तिने सांगितलं.

नंतर मी वेळापत्रक काढून पाहिलं. अकरा चाळीसची धरली असती तरी मी साउथहॅम्प्टनला सहाच्या आधी पोचले नसते. म्हणजे तसाही काही फरक पडला नसता. हे मी तुमच्या आईला बोलूनही दाखवलं. माझ्यासारख्या नीटनेटक्या बाईला अशा वेळी गप्प बसता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओके, आई."

चार महिने गेले. एका शनिवारी मुक्ता घरी आली होती. आम्ही दोघी चादरी घडी करत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. चादरीपलीकडून ती बोलायला लागली.

"बाबा विचारत होते, कुठवर आली. मी सांगितलं, निघाली, अकरा चाळीसची. मग ते दर थोड्या वेळाने विचारायला लागले. मी फोनवर टाइमटेबल उघडलं आणि ट्रेनप्रमाणे सांगत गेले. कार्लाइल. पेनरिथ. लँकेस्टर. प्रेस्टनला दोन मिनिटं लेट आहे, असंपण सांगितलं, खरं वाटावं म्हणून. क्रू स्टेशनपर्यंत आणलं तुला. तू ग्लासगोत होतीस, आई, आणि मी तुला क्रूपर्यंत आणलं."

चादरीची शेवटची घडी झाली होती. मी ती तिच्या हातातून घेतली. तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "चहा घेशील ना? आलेच." टेबलावरचा तिचा कप धुतला, पाणी ठेवलं, चष्मा आणते म्हणून वर गेले, आणि वही उघडली. तारीख घातली. ऐकलं तसं लिहिलं, शब्द न शब्द. प्रेस्टनची दोन मिनिटंसुद्धा. खाली आले तेव्हा पाणी उकळून अर्धं झालं होतं.

तसा माझा एक नियम होता. ऐकलेलं वापरायचं, पण नाव, गाव आणि धंदा बदलायचा. या वेळी मी नाव तेवढं बदललं. स्टेशनं बदलून पाहिली, पण दुसऱ्या कुठल्याही मार्गावर ते भाषण तसं वाजेना.

वर्षभरात नाटक तयार झालं. थिएटर लंडनचं होतं. दिग्दर्शिका रूथ म्हणून होती, उंच, बारीक केसांची, नाटक वाचताना पेन्सिल चावणारी. पान एकसष्ट वाचून तिने पेन्सिल तोंडातून काढली. भाषण करणारी नटी जसप्रीत, बर्मिंगहॅमची. पहिल्या वाचनाला तिने ते सहज, जवळजवळ हसत म्हटलं, आणि टेबलाभोवतीचे लोक आपापल्या कागदांकडे बघत राहिले. मला कळलं की हे माझं आजवरचं सर्वोत्तम पान आहे. मी खूश होते. हे लिहायला नको वाटतं, पण होते.

आता चूक. इथल्या थिएटरांत नाटकाचं पुस्तक समीक्षकांच्या रात्रीपासून बाहेर टेबलावर विकायला असतं, कित्येकदा नटांची नावं छापलेल्या प्रोग्रॅमच्या जागी तेच देतात. पुस्तक तयार राहायचं तर ते तालमी संपण्याच्या आत छापखान्यात जायला हवं. म्हणून आत एक ओळ छापलेली असते की तालमी चालू असताना मजकूर छापायला गेला, प्रयोगात फरक असू शकतो. बहुतेक नाटककार शेवटच्या दिवसापर्यंत प्रकाशकाची विनवणी करतात, अजून दोन दिवस द्या, अजून एक. प्रकाशकांनाही ते माहीत असतं, म्हणून ते खरी तारीख कधी सांगत नाहीत. मी मात्र आयुष्यात कुठलीही गोष्ट उशिरा दिली नाही. दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी मी शेवटची प्रत पाठवली. प्रकाशकाकडच्या मुलीने "तुमच्यासारखे सगळे असते तर!" असं उत्तर दिलं. ते मी रूथला वाचून दाखवलं होतं.

पहिल्या प्रीव्ह्यूला मुक्ता आली, लंडनमधल्याच स्टॅनमोरहून, अनिकेतला घेऊन. तुमचे बाबा तेव्हा पुण्याहून कामाच्या व्हिसावर नुकते आलेले, लग्न ठरलेलं होतं. मी तिला भाषणाविषयी काही सांगितलं नव्हतं. मनाशी म्हणत होते, तिला बघूनच कळू दे, तिला ते आवडेल, तिच्या बाबांसाठी केलेली ती एक गोष्ट आहे. आपण काय काय म्हणतो मनाशी.

मी शेवटच्या रांगेत होते, नाटककार तिथेच बसतो, पळता यावं म्हणून. जसप्रीतने "कार्लाइल" म्हटलं आणि पाच रांगा पुढे मुक्ताचं डोकं सरळ झालं. पुढची सगळी स्टेशनं मी त्या डोक्याकडे बघत ऐकली. टाळ्या खूप झाल्या.

बाहेर फुटपाथवर अनिकेत मला नमस्कार करायला वाकला, "खूप छान झालं, आई," म्हणाला. मुक्ता त्याला म्हणाली, "तू जरा पुढे हो." तो पुढे जाऊन बसस्टॉपचा बोर्ड वाचत उभा राहिला.

"ते माझं होतं," ती म्हणाली.

"मुक्ता, मी नाव बदललंय."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"एक्झॅक्टली, आई."

मग म्हणाली, "त्या दुपारी तू तिथे नव्हतीस. आणि आता रोज इतके लोक तिथे असणार. तिकीट काढून."

मी म्हटलं, "उद्या काढून टाकते ते भाषण."

"काढ," ती म्हणाली, आणि अनिकेतकडे गेली.

सकाळी दहाला मी रूथच्या कानात सांगितलं. तिला ते नीट ऐकू आलं तरी तिने पुन्हा म्हणायला लावलं.

"शुभा, त्या दोन मिनिटांत कुणी श्वास घेत नाही. तू तेच कापतेस?"

"हो."

"कारण?"

"माझ्या मुलीचं आहे ते."

"सगळंच कुणाचं तरी असतं," रूथ म्हणाली. पण हक्क माझा होता. तिने पेन्सिलीने पानावर आडवी रेघ मारली, इतकी जोरात की टोक मोडलं. दुपारी पाहिलं तर जसप्रीत रिकाम्या रंगमंचावर ओठांतल्या ओठांत स्टेशनं म्हणत फिरत होती. एकदा पाठ झालेलं असं सुटत नाही.

नाटक त्या पानाशिवाय चाललं. बरं चाललं. समीक्षकांनी लिहिलं की नाटक नीट रचलेलं आहे पण मध्यभागी काहीतरी थंड आहे. काय थंड आहे ते मला माहीत होतं आणि ते मी स्वतः काढून ठेवलं होतं, याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. आईपण निभावलं, असं वाटत होतं.

समीक्षकांच्या रात्री, मध्यंतरात, मी पाणी प्यायला बाहेर आले. टेबलावर पुस्तकांची चळत. कोरी, चकचकीत. माझ्या समोर अनिकेत एक प्रत विकत घेत होता. मुक्ता आली नव्हती, त्याला पाठवलं होतं.

"मुक्तासाठी घेतोय," तो हसून म्हणाला. "तुम्ही सही करा ना."

मला आठवलं. पुस्तक माझ्या शिस्तीमुळे केव्हाच छापून झालं होतं, पान एकसष्टासकट. मी वेळेवर दिलं नसतं, इतरांसारखी कुरकुर केली असती, तर पहिल्या प्रीव्ह्यूनंतरही ते पान काढता आलं असतं. अनिकेतला 'घेऊ नको' म्हणायला हवं होतं. त्याला काय सांगणार? मी सही केली. तारीख घातली.

त्या पुस्तकाविषयी मुक्ता एक अक्षर बोलली नाही. लग्न झालं. वर्षाच्या आत दोघं पुण्याला गेली. अनिकेतच्या नोकरीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही असेल. रविवारचे फोन ठरलेल्या वेळी येत राहिले. तब्येत, हवा, इराचा दात, नीलचा ताप. तुमच्या आईने मला कधी तोडलं नाही. पण त्यानंतर स्वतःविषयी एकही गोष्ट सांगितली नाही. मला सांगितलेलं छापून येतं, हे तिला कळलं होतं. ती माझ्या मनात आली की मला वाटे, ती समजत असेल आईने दिखाव्यापुरतं रंगमंचावरून काढलं आणि पुस्तकातून विकलं. खुलासा करायला मी दर रविवारी तयार असे. खुलाशाचा कागदही करून ठेवला होता, मुद्देसूद. वाचायची वेळ आली नाही.

तर तो गुरुवार. कॅलमला उत्तर द्यायचा आदला दिवस. दुपारी दोनला, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी, मी फोन लावला. आज रविवार नाही, म्हणून मुक्ता घाबरलीच.

"आई, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ग्लासगोत ते नाटक करतायत. त्यांना पान एकसष्ट हवंय. मी तुला विचारायला फोन केलाय."

पलीकडे फोडणीचा आवाज येत होता. मी कागद पुढे ओढला आणि पुस्तक कसं आधीच छापलं गेलं होतं ते सांगायला लागले. पहिला मुद्दा पुरा व्हायच्या आत तिने थांबवलं.

"मला माहितेय. आत लिहिलेलं असतं ना ते. तालमी चालू असताना छापलं म्हणून. मी तेव्हाच वाचलं होतं."

"मग तू रागावली नव्हतीस?"

"रागावले होते. पुस्तकावर नाही."

"मग?"

"आई, तू लिहिलंस तसं झालं नव्हतं."

मला हे लागलं. इतकी वर्षं मी चोर होते, पण मी चुकीचं उतरवलं असं मला कुणी म्हटलं नव्हतं. "तू सांगितलंस तसंच लिहिलंय मी. शब्द न शब्द. वही आहे माझ्याकडे."

"हो. मी सांगितलं तसं. मी अर्धंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "अर्ध्यावर तू कप धुवायला उठलीस. मग वर गेलीस. मी खाली थांबले होते, पुढचं सांगायला. तू आलीस तेव्हा तुझ्या बोटाला शाई होती."

आमच्याकडे बाहेर कौन्सिलची कचऱ्याची गाडी आली होती, मागे येताना पीं पीं करत होती. ती गेली तोवर मी खुलाशाचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"क्रूच्या पुढे काय झालं, मुक्ता?"

"नाही सांगणार."

"का?"

"तू लिहिशील." ती हसली. खरंच हसली, लहानपणी हसायची तशी. "करू दे त्यांना ते भाषण. छान आहे ते. मी नंतर खूपदा वाचलंय. पण ते तुझं आहे, आई. तू वर बसून लिहिलेलं. माझं माझ्याकडे आहे."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

एवढे संवाद लिहिले, आणि हे दोन शब्द म्हणायला पंधरा वर्षं लागली.

"हं," मुक्ता म्हणाली. मग, "कढईत कांदा लागतोय गं. रविवारी बोलू." आणि फोन ठेवला नाही. मला कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत राहिला, आणि मी ऐकत राहिले, आणि ती मध्येच म्हणाली, "आहेस का अजून?" मी म्हटलं, "आहे."

शुक्रवारी कॅलमला एका ओळीत परवानगी कळवली. त्याने लगेच विचारलं की मूळ प्रसंगाविषयी मी जसप्रीतच्या जागी येणाऱ्या नटीशी बोलेन का, म्हणजे तिला भूमिका समजायला मदत होईल. मी त्याला कळवलं की मूळ प्रसंगाविषयी मला माहिती नाही. त्याला तो विनय वाटला.

विनय नाही तो. सोळा वर्षं मला वाटत होतं की त्या खोलीत काय झालं ते मला ठाऊक आहे, मी ते टिपून ठेवलंय, सूचीत कुठल्या शब्दाखाली आहे तेही सांगू शकते. आता रात्री झोप लागत नाही. क्रूच्या पुढे काय? तुमच्या आजोबांना कळलं होतं का, की मी निघालेच नाही? ते जहाजांच्या वेळापत्रकांत आयुष्य घालवलेले गृहस्थ, त्यांना कळलं नसेल? की त्यांनीच काही म्हटलं? माझ्याविषयी? मी एक शक्यता रचते, मग दुसरी. मला रचताच येतं. त्यातली कुठलीही खरी असेल आणि मला कळणार नाही. पायऱ्या चढते, उतरते, शेजारच्या बाईंनी परवा विचारलं, घरात काही दुरुस्ती चाललीय का.

हा लेख मी मुक्ताला पाठवला होता. तिने दोन दिवसांनी परत केला. एक वाक्य खोडलं होतं, ते मी काढलं. कुठलं ते मंडळाच्या वाचकांनी शोधू नये, तिथे आता काही उरलेलं नाही.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. हो, ती मुलगी तुझी आई आहे, क्रूपर्यंत. पुढची आई तुझ्या घरात आहे. तू मोठी होशील, तुम्ही दोघी कधीतरी काहीतरी काम करत बसाल आणि ती बोलायला लागेल. तेव्हा उठू नकोस. आणि तिने सगळं सांगितलं, तर मला सांगू नकोस. मी विचारेन, आडून विचारेन, आजारी पडून विचारेन. तरी सांगू नकोस.